ब्रँच रिकींचा हिशेब

जॅकी रॉबिन्सनचं नाव निघालं की ब्रँच रिकींना संत करून टाकायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. मात्र त्यासाठी लोक जे कारण देतात, तेही मला पटत नाही.

रिकी ओहायोचे, कट्टर मेथडिस्ट. बेसबॉलमध्ये कॅचर, म्हणजे साधारण आपल्या यष्टिरक्षकाच्या जागी बसणारा. खेळाडू म्हणून बेताचेच. पळणाऱ्या धावपटूला फेकीने अडवणं हे कॅचरचं काम. 28 जून 1907 रोजी दुखऱ्या हाताने खेळताना वॉशिंग्टनच्या संघाने त्यांच्यासमोर एका सामन्यात 13 बेस चोरले. रविवारी खेळायचं नाही हा नियम मात्र त्यांनी पाळला.

त्यांचं खरं डोकं चाललं ते ऑफिसात. सेंट लुईस कार्डिनल्सकडे श्रीमंत संघांशी बोली लावण्याइतके पैसे नव्हते. मग रिकींनी लहान गावांतले संघच ताब्यात घेतले आणि तिथे खेळाडू घडवले. आज सगळे हेच करतात. 1938 साली कमिशनर लँडिसनी त्यातले सत्तरहून जास्त खेळाडू मोकळे केले, ही त्याची दुसरी बाजू.

पुढे ते ब्रुकलिन डॉजर्सला आले. ऑगस्ट 1945 मध्ये त्यांनी रॉबिन्सनला बोलावून घेतलं, गोरे प्रेक्षक आणि खेळाडू काय काय बोलतील ते स्वतः शिव्या देऊन ऐकवलं आणि तू उलटून मारायचं नाहीस असा शब्द घेतला. 15 एप्रिल 1947 ला रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला.

टीकाकार म्हणतात, रिकींना जिंकायचं होतं, तिकिटं खपवायची होती. असेल ना! हेतूत भेसळ नसलेलं एक तरी चांगलं काम दाखवा. मला टोचतं ते वेगळंच. रॉबिन्सन तेव्हा कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघाचा खेळाडू होता आणि रिकींनी त्या संघाला छदामही दिला नाही. त्यांचे करार धड नाहीत, हे कारण. न्यूअर्क ईगल्सच्या एफा मॅन्लींचा डॉन न्यूकम असाच फुकट गेला. मात्र 1947 मध्येच क्लीव्हलँडच्या बिल वीकनी त्याच ईगल्सकडून लॅरी डोबीला घेतलं आणि पैसे मोजले. म्हणजे देता येत होते.

चोरलेलं परत न करता नुसता कुमसार करून भागत नाही, हे आपल्याला दोतोर्नीच्या वर्गातच शिकवलेलं असतं. रिकींनी केलेला न्याय खरा होता, पण त्याची किंमत ज्यांच्यावर आधीच अन्याय झाला होता त्यांच्याच खिशातून गेली.

(आपण कॅथलिकांनी फार ताठ बसू नये. 1947 च्या वसंतात, रॉबिन्सन संघात येऊ घातलेला असताना, ब्रुकलिनच्या कॅथलिक युवक संघटनेने डॉजर्सच्या मुलांच्या क्लबमधून अंग काढून घेतलं. कारण काय, तर मॅनेजर लिओ ड्युरोशरचं वर्तन आणि त्याचं लग्न.)

खेळाडू गेले, पाठोपाठ प्रेक्षकही गेले. 1948 नंतर मॅन्लींनी ईगल्स विकून टाकला. रिकी 1967 साली, मृत्यूनंतर दोन वर्षांनी, हॉल ऑफ फेममध्ये गेले. एफा मॅन्लींना तिथे 2006 साली जागा मिळाली. तिथली ती पहिली स्त्री.