घोरतो तो, जागते ती

घोरणं हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विनोदाचा विषय आहे. नाटकात एखादा मामा आरामखुर्चीत घोरायला लागला की हशा ठरलेला. लग्नघरात रात्री गाद्या घालताना ‘यांना शेवटच्या खोलीत टाका रे’ असं कोणी म्हटलं की सगळे हसतात आणि घोरणारे गृहस्थ सर्वांत मोठ्यानं हसतात. मीही माझ्या एका कादंबरीत घोरणारा सासरा रंगवला होता. वाचकांची हसल्याची पत्रं आली तेव्हा खूश झालो होतो. आज तेच प्रकरण पुन्हा लिहायचं झालं, तर मी त्या सासऱ्याबद्दल कमी आणि त्याच्या शेजारी रात्रभर जाग्या असलेल्या सासूबद्दल जास्त लिहीन. का, ते सांगतो.

१९९४ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. आमचे हेड कॅशियर बावन्न वर्षांचे, देहानं भरभक्कम, मनानं लोण्यासारखे. त्यांची कॅश कधी एका रुपयानं चुकली नाही. पण दुपारी दोननंतर नोटा मोजता मोजता त्यांची मान खाली जायची. खिडकीसमोरचा गिऱ्हाईक ‘काका’ म्हणून हाक मारायचा, की ते दचकून पुढचा आकडा उच्चारायचे आणि तो बरोबर असायचा. स्टाफच्या सहलीला गणपतीपुळ्याला गेलो, तेव्हा त्यांच्या खोलीतले तिघं मध्यरात्री गाद्या उचलून व्हरांड्यात आले. परतीच्या प्रवासात गाडीभर तोच विनोद होता. रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू होत्या, तरी दाब उतरत नव्हता. डॉक्टर मीठ कमी करा म्हणायचे, ते मीठ कमी करायचे.

त्याच वर्षी एके दिवशी सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. वाकून उचलायला गेले तर हात उठेना. तोंड एका बाजूला गेलं, शब्द ओठांतच विरघळले. उजवी बाजू गेली ती गेलीच. चालणं पुढे काठीच्या आधारानं थोडं सुधारलं, पण वाचा परत आली नाही. आयुष्यभर आकडे मोजणाऱ्या माणसाला दहापर्यंत अंक म्हणता येईनात.

काही महिन्यांनी मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, रात्री यांचा श्वास बंद पडायचा. घोरता घोरता एकदम शांत व्हायचे. मी अंधारात अंक मोजायचे. वीस, पंचवीस, कधी तीस. मग भीती वाटून हलवायचे, की मोठा आचका देऊन श्वास सुरू व्हायचा. बारा वर्षं मी अशी झोपले.”

“डॉक्टरांना सांगितलं नाहीत?” मी विचारलं.

“त्यांनी कधी विचारलं नाही. आणि घोरण्याचं काय सांगायचं? हसले असते.”

बँकेच्या नोकरीत मला याची एक जोड आठवते. एका तारणकर्जाच्या गोदामाची तपासणी मी स्वतः केली होती. कुलूप आमचं, रजिस्टर चोख, पोत्यांची संख्या कागदाशी जुळणारी. वर्षभरानं कर्ज बुडालं तेव्हा कळलं, की मागच्या रांगांतल्या पोत्यांत भुसा होता आणि अदलाबदल रात्री होत असे. गोदामाच्या रखवालदाराला ते ठाऊक होतं. त्याला आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. त्यानंतर प्रत्येक तपासणीत मी आधी रखवालदाराबरोबर चहा प्यायलो. पण घरातल्या रखवालदाराला विचारायची बुद्धी मात्र मला पुढे बरीच वर्षं झाली नाही.

वहिनी ज्याला श्वास बंद पडणं म्हणत होत्या, त्याला वैद्यकात ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. झोपेत अंगाचे स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. मान जाड असली, जबडा मागे सरलेला असला किंवा टॉन्सिल्स वाढलेल्या असल्या, की श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना घशाचे मऊ भाग थरथरतात, तो आवाज म्हणजे घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाजही थांबतो. आपण म्हणतो, ‘सुटलो एकदाचे!’ खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. छाती धडपडते, हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. माणूस क्षणभर अर्धवट जागा होऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. दहा सेकंद किंवा अधिक वेळ श्वास थांबला किंवा फार उथळ झाला की डॉक्टर ती एक घटना धरतात. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, पंधराच्या पुढे मध्यम आणि तीसच्या पुढे तीव्र.

याचा पक्षाघाताशी संबंध काय? निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. रक्तवाहिन्यांची तेवढीच विश्रांती. या आजारात ती मिळत नाही. प्रत्येक वेळी श्वास सुटताना दाब उसळी घेतो, आणि असं रात्रीतून शंभरदा, दोनशेदा होतं. वर्षानुवर्षं असं चाललं की दिवसाचा दाबही चढा राहू लागतो, गोळ्यांना जुमानत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते. अशा हृदयात तयार झालेली गुठळी मेंदूकडे गेली तर काय होतं, ते आमच्या शाखेनं पाहिलं होतं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ साली हजारावर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तदाब, मधुमेह वगैरे कारणांचा हिशेब करूनही स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांमध्ये पक्षाघाताचा किंवा मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला. हे परदेशातल्या लठ्ठ माणसांचं दुखणं आहे असं कोणी म्हणू नये. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. पाचांतल्या जवळजवळ एकाच्या झोपेत श्वासाचा दोष होता, आणि दिवसाच्या पेंगेसह पूर्ण आजार ७.५ टक्के लोकांना होता. सकाळच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळे मिटणारे सगळेच काही कष्टानं दमलेले नसतात.

आमच्या हेड कॅशियरना झटका याचमुळे आला असं मी म्हणणार नाही. वजन होतं, तंबाखू होती, रक्तदाब होता. पण उतरत नसलेल्या रक्तदाबामागे काय आहे, याचा पत्ता बारा वर्षं एका बाईकडे होता. तो तिला कोणी विचारला नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता माझी स्वतःची कथा. ‘तुम्ही घोरता’ असं पत्नी सांगायची तेव्हा ‘मी? छे!’ हे माझं ठरलेलं उत्तर होतं. घोरणं हा असा गुन्हा आहे, की आरोपी घटनास्थळी असूनही त्याला काहीच माहीत नसतं. शेवटी २०१८ साली तिनं मोबाइलवर आवाज टिपला आणि सकाळच्या चहाबरोबर ऐकवला. घोरण्याचं मला काही वाटलं नाही, पण मधल्या शांततेनं मी घाबरलो. ती शांतता तिनं इतकी वर्षं एकटीनं ऐकली होती. बोटाला चिमटा, नाकाशी नळी आणि छातीला पट्टा लावून एक रात्र घरीच तपासणी झाली. आकडा आला, तासाला ३४.

यावर एक यंत्र असतं. ते मुखवट्यातून हलक्या दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवतं. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ साली या उपायाची माहिती जगापुढे मांडली. पहिला महिना मी त्या नळीशी भांडलो. तेव्हा नातवंडांनी माझं नाव ‘गणपती आजोबा’ ठेवलं. पण दुपारची पेंग गेली आणि वर्षभरात रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली.

यंत्राच्या वतीनं मी फार बढाया मारणार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या २७०० वर रुग्णांमध्ये, यंत्रामुळे पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. पण त्यांनी ते रात्रीतून सरासरी साडेतीन तासही वापरलं नव्हतं. अर्धेच हप्ते भरून कर्ज कसं फिटेल, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, तेवढ्यानं प्रश्न सुटत नाही. हा वाद तज्ज्ञांवर सोडू. पेंग जाते आणि रक्तदाब थोडा उतरतो, याबद्दल मात्र फारसं दुमत नाही. शिवाय वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीचं मद्य सोडणं आणि झोपेच्या गोळ्या मनानं न घेणं, हे उपाय तर बिनपैशांचे आहेत.

केवळ घोरण्याचीच ही गोष्ट नाही. ‘मी चार तासच झोपतो’ हे सांगताना आपल्याकडे छाती फुगते. २०२३ साली ३२ देशांतल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाच तासांहून कमी झोपणाऱ्यांमध्ये पक्षाघाताची शक्यता सात तास झोपणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट दिसली, आणि नऊ तासांहून अधिक झोपणाऱ्यांतही ती दुपटीहून अधिक होती. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे सिद्ध झालेलं नाही. ज्यांना झोप येत नाही त्यांनी हे वाचून आणखी जागू नये. पण न झोपण्याचा अभिमान तरी सोडावा.

शेजारच्या माणसाचं महत्त्व आणखी एका ठिकाणी कळतं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि सुमारे पाचांतला एक रुग्ण झोपेतून उठतो तोच झटका घेऊन. मग घड्याळ कधीपासून धरायचं? माणूस धडधाकट दिसला त्या शेवटच्या क्षणापासून. ‘पहाटे चारला पाणी प्यायला उठले, तेव्हा नीट बोलले’ हे घरच्या माणसाचं एक वाक्य डॉक्टरांचा निर्णय बदलू शकतं. म्हणून तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर ‘झोप झाली नसेल, पडा थोडं’ असं म्हणू नका. १०८ क्रमांक फिरवा आणि वेळ सांगा.

बायका घोरत नाहीत असंही नाही. पाळी थांबल्यानंतर त्यांनाही हा त्रास वाढतो. पण त्या लाजेनं बोलत नाहीत आणि नवऱ्यांना सहसा जाग येत नाही. तिथे मुलीनं, सुनेनं लक्ष ठेवावं.

डॉक्टरांना माझी विनंती एवढीच, की रक्तदाबाचा रुग्ण समोर बसला की ‘झोप कशी लागते?’ हा प्रश्न त्याला विचारू नका. तो ‘उत्तम’ म्हणणार. त्याच्याबरोबर आलेल्या आणि दाराशी स्टुलावर बसलेल्या बाईंना विचारा.

आणि वाचकांना विनंती. आज रविवार आहे, सगळे घरात आहेत. चहा घेताना शेजारच्या माणसाला विचारा, ‘मी रात्री कसा झोपतो?’ उत्तर येईल तेव्हा हसू नका. शेवटपर्यंत ऐकून घ्या.