उताराला दोष देण्याआधी

नवले पुलाजवळ अपघात झाला की पुण्यात एक मत हमखास ऐकू येतं. दोष उताराचा आणि खड्ड्यांचा. जाब रस्ता बांधणाऱ्यांना विचारा, मोटारमालकाला ब्रेक-सस्पेन्शनवर प्रवचनं देऊ नका. हल्ली एबीएस असतं, बिघाड झाला तर दिवा लागतो आणि आवाज नसताना गाडी गॅरेजला नेणं म्हणजे गॅरेजवाल्याचं घर भरणं. हे मत जिवावर बेतणारं आहे, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा.

उतार तीव्र आहे, हे मान्य. पण 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा आधी ‘ब्रेक फेल’ म्हटलं गेलं आणि प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं पुढे आलं. ‘ट्रकचं उदाहरण मोटारीला कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी गणित करून पाहावं. हजार किलोची मोटार शंभर मीटर उंचीवरून खाली येताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात ताशी 80 च्या वेगातली तीच गाडी चार वेळा थांबवता येईल. न्यूट्रलमध्ये उतरलं की जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो आणि उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा 155 वर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, पेडलचा दाब ती वाफ दाबण्यातच संपतो आणि पेडल तळाला टेकतं. त्याआधी आवाज येत नाही आणि दिवाही लागत नाही, कारण तो ऑइलची पातळी बघतो, त्यात मुरलेलं पाणी नाही. सिंहगडाच्या घाटात ‘त्रास झाला की बघू’ म्हणणाऱ्याला बघायला वेळच मिळणार नाही. न्यूट्रलने पेट्रोल वाचतं हेही चूक. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन तोडलं जातं.

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. शॉकअप गेल्यामुळे उडणाऱ्या चाकाला ते पकड देऊ शकत नाही. खड्ड्यांचा मुद्दा तर उलटा पडतो: खड्डे आहेत म्हणूनच बुश आणि बॉल जॉइंट लवकर जातात. गॅरेजवाला फसवत असेल तर जुने पॅड परत मागा. ‘आधी रस्ते नीट करा’ हे या शहराने हेल्मेटच्या वादातही वर्षानुवर्षं ऐकवलं. त्याने ना रस्ते सुधारले, ना डोकी वाचली.

खासगी मोटारीला पहिली 15 वर्षं पासिंग लागत नाही आणि पीयूसी फक्त धूर तपासते. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी ब्रेक आणि सस्पेन्शन तपासतात; इथेही तशी तपासणी हवी. तोवर जबाबदारी मालकाचीच. गाडी कमी फिरली तरी ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, पॅड तीन मिलिमीटरवर आले की टाका, पावसाळ्यानंतर गाडी उचलून सस्पेन्शन बघून घ्या, घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा आणि तारीख सांगता आली नाही तर त्याच दिवशी बदलून घ्या.