हिरव्या सापाविषयीचा गैरसमज

श्रीलंकेतील बागांतून व कुंपणांच्या झुडपांतून एक हिरवागार, चाबकाच्या दोरीसारखा सडपातळ साप राहतो. सिंहली भाषेत त्याला ‘ॲहॅटुल्ला’, म्हणजे डोळे टिपणारा, असे म्हणतात. प्राणिशास्त्राने तर हेच नाव त्याच्या सबंध प्रजातीस देऊन टाकले!

कोकणातील हरणटोळ हा त्याचाच भाऊबंद होय. २०२० साली शास्त्रज्ञांनी या दोहोंच्या जाती निराळ्या ठरविल्या, एवढेच. हरणटोळ माणसाच्या टाळूवर दंश करतो, अशी समजूत इकडेही आहे. वस्तुतः या सापांचे विषदंत जबड्याच्या मागील भागी असतात आणि त्यांचे सौम्य विष सरडे, बेडूक यांच्यापुरतेच असते. माणसास दंश झालाच तर बहुधा थोडी सूज येते, आणि तीही ओसरते.

तो उंदरांचा फडशा पाडतो, असे सांगून त्याची वकिली करू नये. ते काम धामणीचे. तो शेतकऱ्याचे काही बिघडवीत नाही, हे कारण त्याला जिवंत सोडण्यास पुरेसे आहे.

मात्र ग्रामसेवकाने अर्धीच गोष्ट सांगून थांबू नये. प्रत्येक हिरवा साप निरुपद्रवी नसतो. श्रीलंकेतील चहामळ्यांत हिरवा पोलंगा व सह्याद्रीत चापडा हे विषारी साप झाडाझुडपांवरच असतात. त्यांचे डोके रुंद व त्रिकोणी, अंग जाड. हरणटोळाचे तोंड लांबट व टोकदार. ओळख पटेना तर फांदीस हात न लावता बाजूस व्हावे, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता तडक रुग्णालय गाठावे.