दोष अहिराणीच्या माथी का?

'घरात अहिराणी, शाळेत मराठी. मग इंग्रजीची प्रेपोझिशन चुकणारच!' जळगाव-धुळ्याकडे हे मत शिक्षकांच्या खोलीपासून पालकसभेपर्यंत सर्रास ऐकू येतं. उपायही ठरलेला: पोरांशी अहिराणी बोलू नका आणि क्रियापदांची यादी घोकून घ्या. हे निदान अर्धवट आहे आणि औषध साफ चुकीचं.

निदानात तथ्य आहे, नाही असं नाही. आपण कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून मुलगा 'ही मॅरिड विथ हर' लिहितो. इंग्रजीला तिथे 'विथ' नकोच असतं. पण 'वी डिस्कस्ड अबाउट कॉटन' मधल्या 'अबाउट'खाली लाल रेघ ओढताना अहिराणीला बोल कसा लावणार? 'टॉक अबाउट' बरोबर, 'डिस्कशन अबाउट'ही बरोबर; 'डिस्कस'ला तेवढं ते चालत नाही. पोराने इंग्रजीवरूनच इंग्रजीचा अंदाज बांधला. नायजेरियातही हीच चूक होते. तिथे कोण अहिराणी बोलतं? उलट 'पीक पावसावर अवलंबून' म्हणणाऱ्याला 'डिपेंड ऑन' मधला 'ऑन' जड जात नाही. मातृभाषा कुठे अडवते, कुठे हात देते.

आता घोकंपट्टी. 'राइट टू मी' इंग्लंडात रूढ, अमेरिकेत नुसतं 'राइट मी'ही चालतं. मग यादी कुणाची पाठ करायची? हा रूढीचा मामला आहे. आपणही त्याला भेटतो, त्याच्याशी बोलतो, त्याच्यावर रागावतो, 'असं का?' म्हणून कुणी विचारत नाही. क्रियापद वाक्यातूनच जोडीदारासकट अंगवळणी पडलेलं असतं.

खानदेशी पोराची खरी जमेची बाजू इथेच आहे. घरी 'घरमा', वर्गात 'घरात'. घरी 'त्याले', वर्गात 'त्याला'. प्रत्यय बदलायची ही कसरत ते न अडखळता करतं. मग फळ्यावर एकाखाली एक लिहा: 'मनं ऐक', 'माझं ऐक', 'लिसन टू मी'. पहिल्या दोन्हींत षष्ठी, तिसऱ्यात 'टू'. फरक डोळ्यांना दिसला की 'लिसन मी' आपोआप खटकू लागतं.

2000 पासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. दहावीपर्यंतची ही दहा वर्षं यादीत घालवायची की पूर्ण वाक्यांत, एवढंच ठरवायचं आहे. पालकांनी घरची बोली बंद करू नये, आणि शिक्षकांनी ती बेधडक फळ्यावर आणावी.