उपग्रहाचे नेटवर्क हवेच, पण कुलपासह

आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. बाहेर खबर पोहोचली ती एसटीच्या चालकामुळे. रोजच्या वाटेवर त्याला गावच दिसले नाही. याच तालुक्यातील कळंब पुणे-नाशिक महामार्गावर आहे. तिथे मनोरा उभारणे सोपे, पश्चिमेकडच्या डोंगरात अवघड. उपग्रहावरील मोबाइल सेवेची खरी गरज आहे ती अशा ठिकाणी. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारनेही कंपनीबरोबर इरादापत्र केले.

मात्र या सेवेचे धोके समजून घ्यायला हवेत. मनोऱ्याचा सिग्नल काही किलोमीटरच जातो, उपग्रहाचा मोठ्या प्रदेशावर पडतो. त्यातली माहिती सांकेतिक रूपात बंदिस्त केली नसेल, तर ती दूरवर बसलेल्या कोणालाही टिपता येते. अमेरिकेतील संशोधकांनी सुमारे ८०० डॉलरच्या उपकरणांनी ३९ भूस्थिर उपग्रहांचे सिग्नल तपासले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या या पाहणीत जवळपास निम्मे सिग्नल उघडे आढळले. दुर्गम भागातील मनोऱ्यांकडे जाणारे सामान्य ग्राहकांचे कॉल आणि एसएमएसही त्यात होते. ग्राहकाच्या हातात मात्र नेहमीचाच मोबाइल होता.

दुसरा धोका जमिनीवरचा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्याच दिवशी, व्हायासॅट कंपनीच्या नेटवर्कवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला काहीही झाले नाही. हल्लेखोर जमिनीवरील व्यवस्थापन यंत्रणेत शिरले आणि हजारो मोडेम निकामी झाले. जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रण संपर्क तुटला.

केंद्राने मे २०२५ मध्ये सुरक्षेच्या अटी कडक केल्या. ग्राहकांची माहिती देशातच राहावी, तपास यंत्रणांना कायदेशीर पाळत ठेवता यावी, यावर त्यांचा भर आहे. ग्राहकाच्या संरक्षणासाठी आणखी विचारायला हवे: मनोरा ते उपग्रह हा दुवा बंदिस्त आहे का? मोडेमचे सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत होते का? आणि दरड कोसळेल त्या रात्री हेच नेटवर्क बंद पडले, तर बिनतारी संच तयार आहे का? माळीणसारख्या गावात दुसरी वाट नसणे, हाच सर्वांत मोठा धोका आहे.