चाकांवरचें घर केवढें असावें ?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें-सुना आज अमेरिकेंत संसार थाटून आहेत. त्यामुळें तिकडील संसाराचे प्रश्नहि आतां इकडल्या माजघरांत बोलले जातात. अशाच एका प्रश्नाचें पत्र आमच्यापुढें आहे. कॅलिफोर्नियांत राहणाऱ्या चिरंजिवांस मोटारीच्या मागें जोडून नेण्याचें घर, ज्याला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, तें घ्यावयाचें आहे. थोरला नातू पांच वर्षांचा, धाकटी नात दोन वर्षांची. सूनबाईंचें मत लहान घ्यावा असें. विक्रेत्याचें मत मोठा घ्यावा असें. आणि पत्र लिहिणाऱ्या आजीबाईंची इच्छा अशी कीं, उन्हाळ्यांत आपण उभयतां तिकडे गेलों म्हणजे सहाहि माणसें एका छपराखालीं निजावीं. तेव्हां ट्रेलर केवढा असावा, असें त्यांनीं विचारिलें आहे. हा प्रश्न दिसतो तितका हौसेचा नाहीं, म्हणून त्याचा विचार जरा सविस्तर करूं.

ज्यांनीं ही वस्तु पाहिली नसेल त्यांच्यासाठीं चार शब्द. ह्या घरास स्वतःचें इंजिन नसतें. आंत बिछाने, चूल, शीतपेटी, मोरी व शौचकूप अशी सर्व सोय असते. मोटारीच्या मागें एक पोलादी गोळा बसवितात, त्यावर ट्रेलरचा दांडा अडकवावयाचा आणि घर ओढीत न्यावयाचें. इंग्लंडांत ह्यासच कॅरव्हॅन म्हणतात. अमेरिकेंत ही हौस जुनी आहे. एअरस्ट्रीम कंपनीच्या १९३६ सालच्या ‘क्लिपर’ नांवाच्या ट्रेलरांत चार माणसें निजूं शकत. आज इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट हें गांव व त्याचा परिसर ह्या धंद्याचें मोठें ठाणें आहे. लांबी १२-१३ फुटांपासून ३५ फुटांपर्यंत व त्याहूनहि अधिक मिळते. रुंदी मात्र रस्त्यानें नेतांना साडेआठ फुटांवर जात नाहीं.

दुकानांत गेलें म्हणजे पहिला आंकडा कानीं पडतो तो निजणाऱ्यांचा. ह्यांत सहा निजतात, त्यांत आठ निजतात! हा आंकडा खोटा नसतो, पण तो रात्रीचा आंकडा असतो, दिवसाचा नव्हे. सहांपैकीं दोघांचा बिछाना बहुधा जेवणाचें मेज खालीं पाडून व बांकांवरील गाद्या त्यावर पसरून तयार होतो. म्हणजे रोज रात्रीं मेज मोडावयाचें आणि रोज सकाळीं मांडावयाचें. आम्ही कन्येकडे असतांना ओरेगनच्या किनाऱ्यावरील एका तळावर दोन दिवस सारखा पाऊस लागला होता. शेजारच्या कुटुंबाचा ट्रेलर आमच्या कन्येच्या ट्रेलरहून चांगला सहा फूट लांब. परंतु त्यांतील मुलांचें निजणें मेजावरच. दुपारीं बाळ निजलें कीं त्यांचा थोरला मुलगा मोटारींत जाऊन बसे, आणि आई उभ्यानेंच भाजी चिरी. इकडे लहान ट्रेलरांत मुलांसाठीं एकावर एक अशा दोन कायमच्या निजावयाच्या फळ्या होत्या व मेज दिवसभर मोकळें होतें. त्यावर चित्रेंहि निघालीं आणि पोळ्याहि लाटल्या गेल्या. तेव्हां पहिली कसोटी ही : घरांतील प्रत्येकास आपली निजण्याची जागा कायमची असावी, आणि ती मांडून ठेवूनहि चौघांस मेजाभोंवतीं बसतां यावें. ही कसोटी लांबीनें उतरत नाहीं, मांडणीनें उतरते.

आतां ओझ्याचा हिशेब. बैलगाडी हांकणाऱ्यास सांगावयास नको कीं, भार चाकांच्या मागें फार गेला तर गाडी उलाळ होते व जूं वर उचललें जातें. पुढें फार झाला तर बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचेंहि तसेंच. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा शेंकडा १० ते १५ इतका हिस्सा दांड्यावर, म्हणजे मोटारीच्या पाठीवर, पडला पाहिजे. तो फार कमी पडला तर वेगांत ट्रेलर शेंपटासारखा डोलूं लागतो. आणि हा डोल एकदां वाढला म्हणजे मोटारीसकट सर्वांस रस्त्याबाहेर नेऊं शकतो. त्या मोटारीच्या मागच्या बाजूस आपलीं दोन लेंकरें बसलेलीं असतात. म्हणून हा हिशेब कंटाळा न करतां करावा.

मोटारीच्या जाहिरातींत ‘५००० पौंड ओढते’ असें मोठ्या अक्षरांत असतें. सुमारें २.२ पौंड म्हणजे एक किलो, हें ध्यानांत ठेवावें. परंतु हा आंकडा ओढण्याचा झाला, वाहण्याचा नव्हे. वाहण्याचा आंकडा चालकाच्या दाराजवळच्या चौकटीवर लहानशा पट्टींत असतो : माणसें व सामान मिळून अमुक पौंडांहून अधिक भार नसावा. दांड्याचा भार ह्याच आंकड्यांत बसवावा लागतो. एक उदाहरण करूं. पट्टीवर ११०० पौंड आहेत असें धरा. आईबाप ३१०, दोन मुलें व त्यांच्या सुरक्षिततेच्या खुर्च्या ११०, मोटारींतील सामान १२०, जोडणीचें लोखंडी साहित्य ६०, एकूण ६००. उरले ५००. दांड्यावर वजनाचा आठवा हिस्सा पडतो असें धरलें, तर त्रैराशिकानें भरलेला ट्रेलर ४००० पौंडांचा निघतो. जाहिरातींतले हजार पौंड कागदावरच राहिले. शिवाय जोडणीच्या साहित्यावरहि त्याची स्वतःची मर्यादा लिहिलेली असते. ती ह्याहून कमी असेल तर तीच खरी मानावी. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते.

विक्रेता ह्यावर म्हणेल, ‘हा ट्रेलर ३६०० पौंडांचाच आहे; तुमच्या ४००० त सहज बसतो.’ येथें सावध असावें. तें वजन रिकाम्या ट्रेलरचें असतें. पाण्याचा एक अमेरिकन गॅलन सुमारें ८.३ पौंड भरतो. ३० गॅलनांची टांकी भरली कीं २५० पौंड झाले. अंथरुणें-पांघरुणें, भांडींकुंडीं, कपडे, शिधा, घडीच्या खुर्च्या, हत्यारें, मुलांच्या सायकली हें सर्व ५०० पौंडांच्या खालीं क्वचित् राहतें. म्हणजे वरच्या कुटुंबास रिकाम्या वजनाचा ट्रेलर ३२०० पौंडांच्या आसपासचाच हवा. प्रत्येक ट्रेलरवर त्यांत किती सामान भरतां येईल हें सांगणारी चिठ्ठी चिकटविलेली असते. ती वाचल्याशिवाय बयाणा देऊं नये. कित्येक लांबलचक, देखण्या ट्रेलरांत सामानास जेमतेम जागा वजनानें उरते. कपाटें पुष्कळ, पण तीं भरण्याची परवानगी नाहीं, असा तो प्रकार!

३२०० पौंडांच्या जवळपासचे, मुलांच्या दोन कायम फळ्यांचे व आईबापांच्या वेगळ्या बिछान्याचे ट्रेलर बाजारांत मिळतात. दांड्याच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत त्यांची लांबी साधारण २० ते २२ फूट भरते. पांच व दोन वर्षांच्या मुलांच्या कुटुंबास आमच्या मतें हेंच माप योग्य. ‘मग मोटारच मोठी घ्यावी’ असें कोणी म्हणेल. घेतां येईल; पण मग ३० फुटी ट्रेलरसाठीं दणकट मालमोटार, तिचें रोजचें इंधन, आणि वस्तीच्या नियमांनीं दारांत उभा करूं दिला नाहीं तर ट्रेलर ठेवण्याच्या जागेचें भाडें, असा खर्च एकामागून एक येतो. अंथरूण पाहून पाय पसरावे हें आपणांस ठाऊक आहे. येथें मोटार हें अंथरूण आहे.

आंतल्या मांडणींत तीन गोष्टी टेपानें मोजून पाहाव्या. पहिली, आईबापांचा बिछाना. ट्रेलरांतील गादी पुष्कळदां घरच्या ८० इंचांऐवजीं ७४-७५ इंचांचीच असते. उंच माणसानें दुकानांतच आडवें होऊन पाहावें, लाजूं नये. दुसरी, मुलांच्या फळ्या. सहा वर्षांखालील मुलास वरच्या फळीवर निजवूं नये, असा अमेरिकेंतील सरकारी सुरक्षा-मंडळाचा सल्ला आहे. म्हणजे ह्या वर्षीं नातवानें खालीं निजावें आणि नातीस घडीच्या पाळण्यांत ठेवावें. तो पाळणा सुमारें ४० इंच लांब व २८ इंच रुंद असतो, तो मांडल्यावर शौचकुपाची वाट बंद होते काय तें पाहावें. पुढील वर्षीं नातू वर जाईल, नात खालीं येईल, आणि पाळण्याचें काम संपेल. तिसरी गोष्ट, बाजूस सरकवून बाहेर काढण्याचा खण. त्यानें जमीन वाढते, पण वजनहि वाढतें. शिवाय वाटेंत थांबल्यावर, खण मिटलेला असतांनाच, शीतपेटी व शौचकूप उघडतां आलें पाहिजे. दोन वर्षांचें मूल खण उघडेपर्यंत धीर धरीत नाहीं.

लांबीचा आणखी एक हिशेब मुक्कामाच्या जागीं द्यावा लागतो. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानांतील अपर पाइन्स ह्या तळावर ट्रेलरची मर्यादा २४ फुटांची आहे. माँटाना राज्यांतील ग्लेशियर उद्यानांत सूर्याकडे जाणारा म्हणून जो प्रसिद्ध घाटरस्ता आहे, त्याच्या मधल्या टप्प्यांत २१ फुटांहून लांब वाहनास बंदी आहे, आणि ती लांबी मोटार व ट्रेलर मिळून मोजतात. तेव्हां तेथें लहान ट्रेलरहि तळावर ठेवूनच जावें लागतें. ट्रेलरच्या नांवांतील आंकडा पुष्कळदां आंतल्या खोलीचा असतो, दांड्यासकटचा नव्हे. म्हणून जागा राखतांना पूर्ण लांबी सांगावी.

आतां आजीबाईंच्या इच्छेकडे वळूं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या पिढीस एका छपराखालीं निजणें म्हणजेच एकत्र असणें असें वाटतें, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण वरचाच हिशेब पुढें न्या. आपण उभयतां त्या मोटारींत बसलांत कीं उरलेल्या ५०० पौंडांतून ३०० गेले. उरले २००, त्यांच्या आठपट १६००. तेवढ्यांत चौघांचेंहि घर बसत नाहीं, मग सहांचें कोठून? शिवाय रात्रीं अंधारांत उठून अरुंद वाटेनें जाणें, शिडी चढणें हें आपल्या गुडघ्यांस झेपण्यासारखें नाहीं. वर्षांतून आठ-दहा दिवस येणाऱ्या दोघांसाठीं त्या मुलांनीं बारा महिने वाढीव घर ओढीत राहावें, हें वडीलधाऱ्यांनीं मागूं नये; आणि मुलांनीं संकोचानें मान्यहि करूं नये.

तिकडील पुष्कळ तळांवर लांकडी खोल्या भाड्यानें मिळतात. चिरंजिवांच्या ट्रेलरशेजारीं तशी एक खोली घ्यावी व त्या दिवसांपुरती दुसरी मोटार करावी. सकाळचा चहा, दुपारचें जेवण, रात्रींच्या गोष्टी ट्रेलरच्या पुढल्या कापडी छपराखालीं एकत्र व्हाव्या, आणि निजावयास आपण आपल्या खोलींत जावें. पंगत एक असली म्हणजे छपरें दोन असलीं तरी कुटुंब तुटत नाहीं. सूनबाई लहान ट्रेलर मागतात त्याचाहि राग धरूं नये. रोज मेज मोडून बिछाना घालण्याचें काम जिच्या वांट्यास येणार, तिचें मत ह्या बाबतींत आधीं विचारावें.

शेवटीं चिरंजिवांसाठीं दोन-तीन सूचना. विकत घेण्यापूर्वीं तशाच मापाचा ट्रेलर तीन रात्रींपुरता भाड्यानें घ्यावा. तीन रात्रींत जें कळतें तें दुकानांत तीन तासांत कळत नाहीं. घेतल्यावर पहिल्या प्रवासास निघतांना, सर्व सामान व माणसें भरून, मालमोटारींच्या थांब्यावरील कांट्यावर एकदां वजन करावें. अंदाजावर विसंबूं नये. ट्रेलरचे ब्रेक मोटारींतून चालविणारें यंत्र बसवून घ्यावें. ३००० पौंडांवरील ट्रेलरास स्वतंत्र ब्रेक हवेत असा अनेक राज्यांचा कायदाच आहे. जड सामान चाकांच्या आंसाजवळ व खालीं ठेवावें, सर्वांत मागें कोंबूं नये. कॅलिफोर्नियांत ट्रेलर ओढणाऱ्यास ताशीं ५५ मैलांची मर्यादा आहे, ती पाळावी. आणि गाडी चालू असतांना मुलें मोटारींत, आपल्या खुर्च्यांत, पट्टे बांधूनच बसावीं. ट्रेलरांत कितीहि मऊ बिछाना असला तरी तो मुक्कामासाठीं आहे. नातू ट्रेलरांत निजून जाण्याचा हट्ट धरील. त्यास आजीनें फोनवरून समजावावें. आईबापांपेक्षां तिचें तो लवकर ऐकेल, असा आमचा अनुभव आहे.