गट हलवला, माणसं मागे राहिली

२०२५च्या सप्टेंबरअखेरीस अरट्टाई अ‍ॅपची एकदम लाट आली, तेव्हा आमच्या जोगेश्वरीच्या गटातही प्रश्न आलाच : ‘आपणही जायचं का?’ पाच मिनिटांत वीस-पंचवीस अंगठे पडले. मी अंगठा दिला नाही. दोस्तांनो, त्याचं कारण सांगते.

हा गट मार्च २०२०मध्ये, लॉकडाऊन लागला त्या आठवड्यात सुरू झाला. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कुणाच्या घरी रेशन संपलं, कुठल्या रक्तगटाचा दाता हवा, दफनविधीसाठी कुणाला फोन करायचा, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं. गट २५६ला टेकला, कारण तेव्हा मर्यादाच तेवढी होती. एक बाहेर पडला की एक आत. तरी कुणी जात नव्हतं.

जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नव्या अटी काढल्या : ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा. इलॉन मस्क यांनी ‘सिग्नल वापरा’ असं दोन शब्दांत सांगून टाकलं आणि आमची पोरं पेटली. आपल्या वस्तीत खासगीपणाची काळजी ही काही चैन नाही. गटात कुणी भलतं फॉरवर्ड टाकलं तर ठाण्यात अ‍ॅडमिनलाच बोलावतील, ही धास्ती मलाही होती. (दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पुढे मार्चमध्ये सांगितलं.) पण त्या अटी आमच्यापैकी कुणी वाचल्याच नव्हत्या. आपसातल्या मेसेजचं एन्क्रिप्शन तसंच राहणार होतं. वाद होता तो मुख्यतः बिझनेस खात्यांशी होणाऱ्या बोलण्याचा. शिवाय स्क्रीनशॉट काढणाऱ्याला कुठलं कुलूप अडवतं?

तरी रविवारी रात्री लिंक टाकली. ‘तीन दिवसांत सगळ्यांनी यावं.’ १४० जण आले. १५ जानेवारीला सिग्नलच बंद पडलं, तेव्हा काही वैतागून परत गेले. बाकीच्यांना आम्ही ‘येतील हळूहळू’ म्हणून सोडून दिलं आणि अ‍ॅडमिन सगळे जुन्या गटातून बाहेर पडलो.

मागे कोण राहिलं? जिओफोनवाल्या खाला. त्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालायचं, सिग्नल नाही. ज्यांच्या घरात एकच फोन आणि तो दिवसभर पोराच्या ऑनलाइन वर्गासाठी, त्या बायका. फोनची मेमरी भरल्यामुळे नवं अ‍ॅप बसेना, ते रिक्षावाले चाचा. ज्यांना वाचता येत नाही आणि जे फक्त व्हॉइस नोट पाठवतात, ते. म्हणजे ज्यांच्यासाठी गट काढला, नेमके तेच.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. बेड वॉर्डच्या वॉर रूममधून मिळत होते, म्हणजे मिळाले तर. एका रात्री सिग्नलवर एकाने अम्मीसाठी ऑक्सिजन सिलिंडर मागितला. भरलेला सिलिंडर ओशिवऱ्यात एका गॅरेजवाल्याकडे पडून होता, आणि तो गॅरेजवाला जुन्या गटात. दुसऱ्या दिवशी दुपारी, ओळखीतून ओळख निघाली तेव्हा कळलं. त्या अम्मी वाचल्या.

त्याच आठवड्यात जुन्या गटात एका खालांची व्हॉइस नोट आली होती. मी ती मे महिन्यात, कुणीतरी फॉरवर्ड केली तेव्हा ऐकली : खालूंना ताप आहे, श्वास लागतोय, कुणाला फोन करू? पुढे आणखी दोन नोटा. शेवटचीत एवढंच, ‘बेटी, कोई है क्या?’ खालू गेले. वेळेत ऐकलं असतं तर ते वाचले असते, असा दावा मी करत नाही. पण तीन दिवस कुणीही उत्तर दिलं नाही, आणि गट हलवण्याची घाई माझीही होती.

तुम्ही म्हणाल, मग काय जन्मभर एकाच कंपनीचे भाडेकरू राहायचं? नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, तेव्हा ज्यांनी आधीच एकमेकांचे नंबर घेऊन ठेवले होते त्यांचीच दोस्ती टिकली. घर कधीतरी सोडावं लागणारच. पण आपल्याकडे चाळ पुनर्विकासाला जाते तेव्हा शहाणी कमिटी आधी विचारते : तिसऱ्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजी कुठे जाणार? शेवटचं बिऱ्हाड निघेपर्यंत पाणी तोडू देत नाही. आम्ही लिंक टाकली आणि त्याच आठवड्यात पाणी तोडलं.

टेलिग्रामने त्याच जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपचा जुना संवाद उचलून आणायची सोय दिली होती. त्यात मेसेज येतात, खाला येत नाहीत. त्यांना फोन करावा लागतो, घरी जाऊन मोबाइल हातात घ्यावा लागतो, आणि जुन्या गटात रोज कुणीतरी पाळीने बसावं लागतं. हे कंटाळवाणं काम तरुणांनीच करायचं आहे, कारण लिंक टाकायची हौसही आपलीच.

अरट्टाईचं म्हणाल तर लाट आली तेव्हा त्यातले कॉल एन्क्रिप्टेड होते, लिहिलेले मेसेज नव्हते. खासगीपणासाठी म्हणून गेलो असतो तर उलटंच झालं असतं. मी गटात एवढंच लिहिलं : आधी यादी. कोणाकडे कुठला फोन, कोण वाचतं, कोण फक्त ऐकतं, कुणाचा रक्तगट काय, सिलिंडर कुठे, आणि हे सगळं कागदावरही. चार मुली आणि दोन मुलगे कामाला लागले आहेत. अजून ३१ फोन करायचे बाकी आहेत. कुठे जायचं ते त्यानंतर बघू.